शेंगदाण्याचा सॉस: आधी एवढंच बघ

अगं, या वीगन (प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या) सॉसला मिक्सर नसला तरी अडत नाही. बिनगोडाचं पीनट बटर घे. डब्यावर मध लिहिलेला असेल तर ते वीगन नाही.

दोन मोठे चमचे पीनट बटर, एक चमचा सोया सॉस, अर्धा चमचा माडाचं व्हिनेगर, किसलेली लसूण, सुपारीएवढा माडाचा गूळ (गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात छान मिळतो). गूळ कोमट पाण्यात आधी विरघळव, नाहीतर दाताखाली येतो.

नवशिके चुकतात ते पाण्यात. ते चमच्याचमच्याने घाल. सुरुवातीला मिश्रण आणखी घट्ट होऊन फाटल्यासारखं दिसेल. घाबरू नकोस, घोटत राहा, गुळगुळीत होतं. मीठ चाखूनच, सोया सॉस मुळात खारट.

नारळाचं दूध, भाजलेल्या मिरच्या पुढच्या खेपेला.