डेन्मार्कचे १४ टक्के, जर्मनीचे ८ आणि नर्सचा पगार

ताई, तुम्ही विचारलंत की डेन्मार्कचं सरकार कर्मचाऱ्यांच्या पगारावर जीडीपीच्या सुमारे १४ टक्के खर्च करतं आणि जर्मनीचं जेमतेम ८, मग मिरजेहून निघणाऱ्या नर्सनं जर्मनचा क्लास सोडून डेन्मार्कच्या मागे लागावं का? मी चार वर्षं डेन्मार्कमध्ये ओडेन्सला काढली, आता जर्मनीत हॅनोव्हरला वॉर्डात काम करते. क्लास सोडू नका.

आकडे बरोबर आहेत. पण त्यांतून कळतं ते एवढंच, की नर्सचा पगार कुणाच्या तिजोरीतून निघतो. डेन्मार्कमधली बहुतेक इस्पितळं प्रादेशिक सरकारांची आहेत. शाळा, पाळणाघरं, वृद्धांची घरपोच सेवा ही ९८ नगरपालिकांची जबाबदारी. त्यामुळे वॉर्डातली नर्स, पाळणाघरातली ताई, आजोबांना आंघोळ घालायला घरी येणारी मदतनीस, या बहुतेक सरकारी नोकरच. तिथे काम करणाऱ्या दर चार माणसांत एकाहून जास्त सरकारी पगारावर आहे.

जर्मनीत हेच काम होतं, फक्त मालक वेगवेगळे. काही इस्पितळं शहराची, काही खासगी कंपन्यांची आणि कितीतरी चर्चशी जोडलेल्या संस्थांची; कॅथलिकांची कारितास, प्रोटेस्टंटांची डिआकोनी. मिरजेच्या माणसाला मिशन हॉस्पिटल म्हणजे काय ते मी काय सांगणार! या इस्पितळांचं बिल क्रांकनकासं, म्हणजे आरोग्य विमा निधी भरतो. सरकारी हिशेबात ती विकत घेतलेली सेवा ठरते, त्यातला पगार कर्मचारी-खर्चात धरलाच जात नाही. ८ टक्के दिसतात ते मुख्यतः यामुळे.

पगाराच्या चिठ्ठीवर मात्र हा फरक रोज भेटतो. डेन्मार्कमध्ये आधी ८ टक्के श्रमबाजार-वर्गणी कापली जायची, मग आयकर. आरोग्यासाठी वेगळी कपात नाही, ते करातूनच. इथे आरोग्य विमा १४.६ टक्के आणि त्यावर प्रत्येक निधीचा जादा दर, पेन्शन १८.६ टक्के, दोन्हींतला अर्धा वाटा माझा, अर्धा मालकाचा. म्हणून दोन देशांचे कपातीआधीचे पगार शेजारी ठेवून तुलना करू नका. हातात काय येतं आणि मुलांचं पाळणाघर कितीला पडतं, ते मांडा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. जर्मनीत मालक कोण, यावर तुमचा पगारकरार ठरतो. शहराच्या इस्पितळात सहसा टीव्हीओडी, म्हणजे सरकारी नोकरांचा सामूहिक पगारकरार, लागू असतो आणि परदेशी शिक्षणाला जर्मनीत मान्यता मिळालेली नर्स पी ७ किंवा पी ८ श्रेणीत जाते. चर्चच्या संस्थांची नियमावली वेगळी, खासगी साखळ्यांचे स्वतःचे करार. श्रेणीच्या आत 'स्टुफं' असते, अनुभवाची पायरी. माझ्या पहिल्या जर्मन करारात मला खालच्या पायरीवर बसवलं. सांगलीची सहा आणि ओडेन्सची चार वर्षं जणू नव्हतीच. मी सही करून मोकळी झाले होते, नंतर कुणी दाद दिली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण विचारलं असतं तर कदाचित मिळालं असतं.

म्हणून ऑफर आली की आधी लेखी विचारा: कोणता पगारकरार, कोणती श्रेणी, भारतातला अनुभव धरून कितवी पायरी, आणि मान्यता येईपर्यंत सहायक म्हणून किती पगार. आणि जर्मन भाषेची बी २ पातळीची परीक्षा तिथूनच देऊन या. इथे ड्यूटी सांभाळून अभ्यास फार जड जातो.