लिमिट पाचशेचं, गेले भिशीचे अठरा हजार

ताई, मी ३१ वर्षांचा आहे. भांडुपला राहतो, परळला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. पगार ३४ हजार. आठ महिने झाले, लोकलमध्ये जाता-येता मोबाइलवर विमानाचा गेम खेळतो. आकडा एकपासून चढत जातो, विमान उडून जायच्या आत पैसे काढायचे, नाहीतर लावलेले गेले. मी जुगारी नाही, माझे नियम आहेत. १०० ची बेट, दीडपटीला ऑटो कॅशआउट (म्हणजे पैसे आपोआप निघतात), दिवसाला ५०० गेले की बंद. पण बंद होत नाही. लिमिट गेलं की डबल करत जातो. ऑफिसच्या भिशीची वही माझ्याकडे असते, त्यातले १८ हजार असेच गेले. येत्या १० तारखेला ज्याची भिशी लागेल त्याला पैसे द्यायचेत. बायकोला यातलं काही माहीत नाही. दीडऐवजी दोनपटीवर ठेवू का? शिस्त कशी लावू?
– भांडुपचा एक वाचक

ताई म्हणालास, तर अरे-तुरेच करते.

तू अकाउंट्सवाला, तेव्हा आधी हिशेब. या प्रकारातला सगळ्यात गाजलेला गेम एव्हिएटर. तो आपला परतावा ९७ टक्के असल्याचं स्वतःच सांगतो. म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी ९७ परत देतो. ९७ ला पटीने भाग, की विमान तिथवर पोचायची टक्केवारी मिळते. दीडपटीला ६४.६७, दोनपटीला ४८.५, दहापटीला ९.७. आता १०० रुपयांची एक, अशा शंभर बेटा मांडून बघ. दीडवर ठेवलंस तर सरासरी ३०० रुपये जातात. दोनवर ठेवलंस तरी ३०० च जातात, आणि दहावर ठेवलंस तरी तेवढेच. कुठे काढायचे ते तू ठरवतोस, पण जायचे किती ते आधीच ठरलेलं असतं. तेव्हा दीड की दोन, हा प्रश्न निकालात काढ.

खरी गोम फेऱ्यांच्या संख्येत आहे. मिनिटाला तीन फेऱ्या धर. भांडुप ते परळ स्लो लोकलने जाताना शंभर होतात, येताना शंभर. दिवसाचे सरासरी ६०० गेले, आणि हे तू एकही नियम न मोडता, अगदी शहाण्यासारखा खेळलास तर. तुझं लिमिट ५०० चं! म्हणजे लिमिट संपणं हा तुझा वाईट दिवस नव्हे, तो तुझा नेहमीचा दिवस आहे. बहुतेक दिवशी तू घाटकोपर-कुर्ल्याच्या आसपास कुठेतरी पाचशे हरून, हातात चालू फोन घेऊन बसलेला असणार. त्या क्षणी शिस्त पाळायची असं तू ठरवलंयस. अरे, त्या क्षणी ती भल्याभल्यांकडून पाळली जात नाही.

आणि मग डबल, तेही दोनपटीवर धरू. १००, २००, ४०० करत सातव्यांदा ६४०० लागतात. सातही गेले तर १२,७०० गेले, आणि एवढं सगळं कशासाठी, तर जिंकलास तर १०० रुपये सुटावेत म्हणून. दोनपटीवर लागोपाठ सात हार सरासरी २१२ फेऱ्यांत एकदा येतात. तुझा जाण्यायेण्याचा एक दिवस म्हणजे २०० फेऱ्या. भिशीचे पैसे नशीब फिरल्याने गेले असं तुला वाटत असेल, तर हे गणित कागदावर मांडून बघ. मागच्या फेऱ्यांचे आकडे वर रांगेने दिसतात, त्यांचा पुढच्या फेरीशी काही संबंध नसतो. टेलिग्रामवर ‘पुढचा आकडा सांगतो’ म्हणत पैसे घेऊन सिग्नल विकणारे शुद्ध भामटे आहेत, त्यावर आणखी काय बोलायचं.

तू परळला उतरतोस, तिथल्या गिरण्यांतला कामगार एकेकाळी मटक्याचा आकडा लावायचा. मटका चालवणारे १९६२ चे कल्याणजी भगत, मग रतन खत्री, ही नावं आजही तिथल्या जुन्या माणसांना पाठ आहेत. त्यातही संसार धुळीला मिळाले, मी त्याचं कौतुक करत नाहीये. पण ओपन म्हणजे पहिला आकडा लागला की क्लोजपर्यंत, म्हणजे दुसऱ्या आकड्यापर्यंत, थांबावंच लागायचं. त्या मधल्या वेळात माणूस जेवायचा, भांडायचा, कधी शुद्धीवरही यायचा. तुझ्या विमानाने तो मधला वेळच काढून घेतलाय. हरल्याचं दुःख नीट व्हायच्या आत पुढची फेरी उभी.

जिंकल्यावरचंही बघ. दीडला तुझे पैसे सुटतात, पण विमान थांबत नाही. तुझ्या डोळ्यांदेखत ते आठ, वीस, चाळीसवर जातं आणि बाजूच्या यादीत कुणीतरी तिसऱ्याच नावाने हजारो काढलेले दिसतात. पन्नास रुपये जिंकलेला माणूस हळहळत बसतो. हा अपघात नाही, गेमची रचनाच तशी आहे.

म्हणून शिस्त कशी लावू याचं माझं उत्तर: गेममध्ये लावूच नकोस, गेम बंद कर. तुझी शिस्त कमी पडत नाही, ती चुकीच्या जागी लागतेय. ज्या माणसाने महिनोन्‌महिने ऑफिसची भिशी नीट सांभाळली, त्याला शिस्तीचे धडे मी काय देणार? ती फोन हातात यायच्या आधी वापर. पगाराच्या खात्यावरून यूपीआय काढून टाक. रोजच्या खर्चाला वेगळं खातं ठेव, त्यात आठवड्याचे मोजके पैसे टाक. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमध्ये कमी करता येते, तीही कर. गेममध्ये शिल्लक असेल ती काढायला टाक. ‘आधी अमुक फी भरा’ म्हणाले तर एक रुपयाही भरू नकोस, शिल्लक गेली समज आणि अ‍ॅप काढून टाक.

एकदा तुझं बँक स्टेटमेंट उघडून बस. पैसे भरताना समोर कुणाचं नाव येत होतं? एकदा कुठलं जनरल स्टोअर्स, दुसऱ्यांदा कुणा अनोळखी माणसाचं खातं, असं दिसलं तर ती पैसे फिरवायला दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेली खाती समज. अशा खात्यातून तुझ्याकडे ‘जिंकलेले’ पैसे आले आणि ते खातं सायबर पोलिसांच्या तपासात सापडलं, तर तुझं पगाराचं खातंही गोठू शकतं. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावायचे सगळे ऑनलाइन गेम बंदीत टाकले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, तेव्हा मदत मागायला घाबरू नकोस. पण परदेशात बसलेल्या साइटने पैसे बुडवले तर तू दाद कुणाकडे मागणार?

आता बायको. तिला आज-उद्याच सांग, १० तारखेच्या आधी. गेमपासून सुरुवात करू नकोस, रकमेपासून कर: भिशीचे १८ हजार, आणि आठ महिन्यांत स्वतःचे किती ते स्टेटमेंटवरून बेरीज करून. आकडा एकदाच आणि पूर्ण सांगायचा. अर्धा लपवलास आणि तो नंतर निघाला, तर ती पैशांपेक्षा त्याचाच राग धरेल, आणि तो रास्त असेल. ती दोन दिवस बोलणार नाही कदाचित. बोलू नये तिने.

भिशीसाठी झटपट कर्जाच्या अ‍ॅपकडे वळू नकोस, आणि ‘एकदाच जिंकून भरून काढतो’ तर मुळीच नको. ऑफिसात पगाराची उचल माग, नाहीतर पतसंस्थेतून रीतसर कर्ज काढ. भावाकडून घेणार असलास तर कशासाठी ते सांगून घे.

रात्री हात फोनकडे जायला लागला, चिडचिड झाली, झोप उडाली, तर १४४१६ ला फोन कर. ती सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही. आणि केईएम रुग्णालय तर परळलाच आहे, तुझ्या ऑफिसच्या जवळ. तिथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून बस. जुगाराचं व्यसन हा डॉक्टरी भाषेत आजारच आहे, तू ‘मी जुगारी नाही’ म्हणालास तरी. जीव नकोसा वाटायला लागला तर रात्र उलटायचीही वाट बघू नकोस, लगेच बोल.

भिशीची वही मात्र या आठवड्यातच ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाकडे दे. कारण विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव. कुणाकडे दिलीस, तेवढं मला कळव.