बुधवारी गंगेवर जाताय? कांदा दाबून बघा, जुडी फाकवून बघा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही यंदाच नाशकात राहायला आलो, पाथर्डी फाट्याला. सगळे म्हणतात बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या बाजारात जा, भाजी खूप स्वस्त मिळते. गेले, त्या गर्दीत काही सुचेना, दिसेल ते घेतलं. मेथी दुसऱ्या दिवशी सडली आणि दहा किलो लाल कांदा आणलेला त्याला लगेच कोंब यायला लागले. मग स्वस्त कुठे पडलं? भाव करायचीही लाज वाटते. कसं घ्यायचं सांगाल का?
– एक वाचक

उत्तर : बाजार सोडू नका, फक्त घ्यायची पद्धत बदला.

आधी कांदा, कारण पैसे त्यातच बुडतात. लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे यायला लागतो आणि थंडीभर असतो, त्यात पाणी जास्त, तो टिकतच नाही, त्यामुळे आठवड्यापुरता घ्यायचा आणि संपवायचा. साठवायचाच असेल तर उन्हाळ कांदा घ्या, मार्च ते मे मध्ये निघतो, शेतकरी स्वतः तो कांदाचाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) चार-सहा महिने ठेवतात, घरी हवेशीर जागा दिली की तुमच्याकडेही राहील. घेताना मानेजवळ अंगठ्याने दाबायचं, मान बारीक आणि सुकलेली पाहिजे, मऊ लागली म्हणजे आतून गेलेला. जाड दांड्याचे डेंगळे नि जोडकांदे बाजूला काढा. गोल्टी मात्र बिनधास्त घ्या, कांदा बारीक म्हणून भाव कमी, सोलत बसावं लागतं एवढंच.

पालेभाजीचं गणित वेगळं आहे. लिलावात मेथी-कोथिंबिरीचा भाव शेकड्याने बोलतात, म्हणजे शंभर जुड्यांचा, आणि आवक वाढली की तो असा धाडकन पडतो की कधीकधी शेतकऱ्याचं गाडीभाडंही निघत नाही (फार वाईट वाटतं ते बघून), मग तीच जुडी तुम्हाला घाटावर स्वस्तात दिसते. म्हणून घरून यादी ठरवून जाऊच नका, ज्याचे ढीग लागलेत ते घ्या. जुडी बांधलेल्या जागी बोटं घालून फाकवून बघा, वरून हिरवीगार आणि मधे पिवळी पडलेली खूपदा असते. पाणी मारून ओली ठेवलेली जुडी रात्रभर पिशवीत राहिली की सडणारच, तुमच्या मेथीचं बहुतेक तेच झालं. घरी गेल्यागेल्या बांधलेलं सोडा, कागदावर पसरा, कोरडी झाली की मग फ्रीज.

निवड पाहिजे तर लवकर जा, भाव पाहिजे तर दिवे लागल्यावर. गावाकडून आलेल्यांना घरी परतायचं असतं, उरलेला माल परत कोण नेणार.

भाव करण्यात लाज कसली! पण आधी एक चक्कर नुसती विचारत मारा, हातात काही घेऊ नका. "वीसला, वीसला" ओरडत असले तर पाव की अर्धा ते विचारूनच काट्यात टाकायला सांगा, भांडणं तिथेच होतात. वाटा घेताना खालच्या मिरच्या वर काढून बघा. फक्त पावसाळ्यात पेठ, हरसूलकडच्या बायका कर्टुली आणि रानभाज्या घेऊन बसतात ना, त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, माझं स्पष्ट मत आहे, डोंगर पालथा घालून गोळा केलेलं असतं ते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे सुट्टे मणी मिळतात, घडापेक्षा बरेच स्वस्त, पण त्याच दिवशी खाऊन टाकायचे.

आणि गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही, सिटी बसने निमाणी बसस्थानकाला उतरून चालत जा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून जास्त पाणी सोडलं की घाटावरच्या विक्रेत्यांना माल उचलावा लागतो, त्या दिवसांत निघायच्या आधी बातम्या बघून घ्या.