पाश्चात्त्य देश हस्तक्षेप करतात तिथली परिस्थिती आणखी का चिघळते?

तुमचा प्रश्न असा की, एवढा पैसा, एवढी हेरयंत्रणा, एवढे अभ्यासक हाताशी असूनही पाश्चात्त्य देशांचं परराष्ट्र धोरण पुन्हा पुन्हा का फसतं, आणि त्यामुळे जग जास्त अस्थिर होतंय का. इराक आणि अफगाणिस्तानबद्दल सगळेच बोलतात. मी लिबियाबद्दल लिहितो. तिथे संयुक्त राष्ट्रांचा ठराव होता, अरब लीगची मागणी होती, लढाईत नाटोचा एकही सैनिक मेला नाही, आणि तरीही देश उद्ध्वस्त झाला. त्यांना अक्कल किंवा माहिती कमी पडते असं मला वाटत नाही. दिलेला शब्द आपलं काम साधेपर्यंतच पाळायचा, ही सवय नडते.

सुरुवात 2003 पासून करावी लागेल. त्या डिसेंबरमध्ये लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याने अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडायचं कबूल केलं. यंत्रसामग्री विमानांत भरून अमेरिकेत टेनेसीला नेली गेली. बदल्यात निर्बंध उठले. पुढच्याच वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर राजधानी त्रिपोलीजवळच्या तंबूत जाऊन हस्तांदोलन करून आले, 2007 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी पॅरिसमध्ये गद्दाफीचं स्वागत केलं. माणूस तोच होता. अबू सलीम तुरुंगात 1996 साली शेकडो कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्या त्याच्याच राजवटीत, आणि हे कोणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही.

फेब्रुवारी 2011 मध्ये पूर्व लिबियातल्या बेनगाझी शहरात उठाव झाला. गद्दाफीने दूरदर्शनवरून 'घराघरांत, गल्लीगल्लीत' शिरून बंडखोरांना वेचून काढायची धमकी दिली. बेनगाझीतल्या लोकांना वाटलेली भीती खरी होती, तिच्याबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. 17 मार्चला सुरक्षा परिषदेत ठराव क्रमांक 1973 आला: नागरिकांच्या संरक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय करा, पण परकीय फौज त्या भूमीवर ठाण मांडणार नाही. दहा मतं बाजूने. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीन तटस्थ. प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती फारशी हाती नसताना एवढा मोठा निर्णय घेतला जातोय, ही भारताची हरकत होती. आपल्याकडेही तेव्हा काहींनी तिला कचखाऊपणा म्हटलं. मला ती हरकत रास्त वाटते.

आता पुढचे काही आठवडे नीट बघा, कारण सगळं तिथेच घडलं.

19 मार्चला बॉम्बफेक सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आफ्रिकी महासंघाचं शिष्टमंडळ वाटाघाटींसाठी त्रिपोलीला जाणार होतं. त्यांना उड्डाणाची परवानगीच मिळाली नाही. बेनगाझीच्या वेशीवर आलेले रणगाडे तोवर मागे हटले होते. म्हणजे ठरावात जे लिहिलं होतं ते बरंचसं साध्य झालं होतं आणि बोलणी करायला हीच वेळ होती. एप्रिलच्या मध्यावर ओबामा, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून आणि सार्कोझी यांनी मिळून वर्तमानपत्रांत एक लेख लिहिला. आमचं काम गद्दाफीला बळाने हटवण्याचं नाही, असं एका वाक्यात, आणि गद्दाफी सत्तेवर असलेल्या लिबियाच्या भविष्याची कल्पनाच करता येत नाही, असं लगेच पुढच्या वाक्यात. ठराव तोच राहिला, मोहीम मात्र सत्तापालटाची झाली. 20 ऑक्टोबरला सिर्त शहरातून पळणाऱ्या गद्दाफीच्या ताफ्यावर हवाई हल्ला झाला, तो रस्त्याखालच्या मोरीत लपला, तिथून त्याला ओढून काढून ठार मारलं गेलं. 31 ऑक्टोबरला नाटोने मोहीम संपल्याचं जाहीर केलं. अवघ्या अकरा दिवसांत.

मागे उरली शेकडो सशस्त्र टोळकी आणि उघडी पडलेली शस्त्रागारं. गद्दाफीच्या फौजेतले तुआरेग या सहारातल्या भटक्या जमातीचे लढवय्ये शस्त्रं घेऊन मालीत परतले. जानेवारी 2012 मध्ये तिथे बंड, मार्चमध्ये लष्करी उठाव, एप्रिलमध्ये टिंबक्टू शहर बंडखोरांच्या हाती गेलं. मालीतली राजवट आधीच पोखरलेली होती हे खरं, पण ठिणगी लिबियातून आली. मग फ्रान्सला 2013 मध्ये मालीत फौज उतरवावी लागली. ती 2022 मध्ये बाहेर पडली तोवर तिथल्या लष्करी राजवटीने वॅग्नर या रशियाच्या भाडोत्री फौजेला बोलावलेलं होतं.

खुद्द लिबियात 2014 पासून दोन सरकारं. त्रिपोलीतल्या सरकारच्या पाठीशी तुर्कस्तान, पूर्वेकडचा लष्करी सेनानी हफ्तार याच्या पाठीशी इजिप्त, अमिराती आणि रशिया. शस्त्रबंदी या सगळ्यांनी पायदळी तुडवली, तो दोष पाश्चात्त्यांच्या माथी मारता येणार नाही. पण पाश्चात्त्यांची तरी एक भूमिका होती का? इटली त्रिपोलीकडे झुकलेला, आणि 2019 मध्ये हफ्तारच्या एका तळावर फ्रान्सने विकत घेतलेली क्षेपणास्त्रं सापडली. एकत्र बॉम्ब टाकणारे देश नंतर एकमेकांविरुद्धच्या गटांना बळ देत होते. युरोपला लिबियाची आठवण उरली ती निर्वासितांपुरती: 2017 पासून लिबियन तटरक्षकांना पैसा, बोटी आणि प्रशिक्षण, म्हणजे माणसं समुद्रातूनच परत आणून छळछावण्यांत कोंबता यावीत. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त चीड याची येते.

पूर्व लिबियातल्या डर्ना शहराचं सांगतो. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या दोन धरणांना तडे गेल्याचं 1998 मध्येच लक्षात आलं होतं. गद्दाफीच्या काळातही दिरंगाईच झाली. शेवटी एका तुर्की कंपनीला दुरुस्तीचं काम दिलं गेलं, ते 2010 मध्ये सुरू झालं आणि 2011 च्या धुमश्चक्रीत थांबलं. पुन्हा कोणी हात लावला नाही, कारण लावायला धड सरकारच नव्हतं. सप्टेंबर 2023 मध्ये वादळी पावसात दोन्ही धरणं एका रात्रीत फुटली आणि हजारो माणसं झोपेत वाहून गेली.

लिबियाबाहेरची किंमत वेगळीच. दुधाने तोंड भाजलेल्या रशिया आणि चीनने ऑक्टोबर 2011 मध्ये सीरियावरच्या, त्या मानाने सौम्य, ठरावावरही नकाराधिकार वापरला. त्यांचे स्वतःचे स्वार्थ होतेच, पण लिबियाने त्यांच्या हातात आयतं कारण दिलं. आणि उत्तर कोरियाने मार्च 2011 मध्येच जाहीरपणे म्हटलं की, लिबियाला आधी निःशस्त्र केलं आणि मग हल्ला केला. तरीही 2018 मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन किम यांच्याबाबत 'लिबियाचं मॉडेल' सुचवत होते! ज्याचा असा शेवट झाला, त्याचा कित्ता कोण गिरवेल?

त्यांच्यात आत्मपरीक्षण होत नाही असं मात्र नाही. ओबामांनी 2016 मध्ये सांगितलं की, लिबियात नंतरच्या दिवसाचं नियोजन न करणं ही बहुधा आपली सर्वात मोठी चूक होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीने अहवालात कॅमेरून यांना थेट जबाबदार धरलं. अहवाल वाचनीय आहे, परखड आहे. पण त्याचा परिणाम किती? नोव्हेंबर 2023 मध्ये, डर्ना वाहून गेल्यावर दोनच महिन्यांनी, कॅमेरून ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झाले.