इमर्जन्सीत राहून रुग्णसुरक्षेवर संशोधन करायचं तर निधी आणि मार्गदर्शक कुठून मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला नुकताच प्रवेश घेतलाय, उपचारांत होणाऱ्या चुका आणि रुग्णसुरक्षा यावर संशोधन करायचंय. अमेरिकेत त्यासाठी मार्गदर्शकासह प्रशिक्षणाचं अनुदान मिळतं, तसं आपल्याकडं काही आहे का, असं तुम्ही विचारताय. रात्रपाळी करून आले होते, झोपणार होते. प्रश्न वाचला आणि लिहायलाच बसले, कारण या विषयानं माझ्या नोकरीतली काही वर्षं खाल्ली आहेत.

आधी एक रात्र सांगते.

जुलै महिना, भातलावणीचे दिवस. मी तेव्हा इथल्याच एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला होते. गगनबावड्याकडच्या एक बाई आल्या, पन्नाशीच्या, बांधावर नाग चावलेला. सोबत मुलगा आणि दीर. पापण्या मिटत चाललेल्या. "डोळे उघडा मावशी" म्हटलं की कपाळाला आठ्या पाडून कशातरी बघायच्या. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू करताना रिअॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून अॅड्रिनॅलिन अर्धा मिलिग्रॅम आधीच भरून ठेवायचं, हे तुम्हाला माहीत आहे. पापण्या पडल्यात म्हणून निओस्टिग्मिन द्यायचं, त्याआधी अॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम. म्हणजे एकाच किडनी ट्रेमध्ये दोन सिरिंज. दोन्ही दोन मिलीच्या, दोन्हींत पाण्यासारखं दिसणारं औषध, नाव एकीवरही नाही. सिस्टरनी आपल्या हिशोबानं एक डावीकडं ठेवली, एक उजवीकडं. सगळ्या कॅज्युअल्टीत असंच चालतं, डावं-उजवं लक्षात ठेवायचं.

तेवढ्यात हायवेवरचा अपघात आला, दोघे रक्तबंबाळ. टेबल मोकळं करायला वॉर्डबॉय मामांनी ट्रे उचलून खिडकीपाशी ठेवला आणि ठेवताना तो फिरला. मी दुसऱ्या पेशंटच्या गळ्याला कॉलर लावत तिथूनच म्हणाले, "सिस्टर, अॅट्रोपिन द्या." त्यांनी डावीकडची सिरिंज उचलली.

अर्धा मिलिग्रॅम अॅड्रिनॅलिन थेट शिरेत गेलं. बाई ताडकन उठून बसल्या, छाती दोन्ही हातांनी धरली, "काळीज फुटतंय गं" म्हणून ओरडल्या. मॉनिटरवर ठोके वेड्यासारखे पळायला लागले, मध्येच वेडेवाकडे येऊ लागले. मला आधी वाटलं, एएसव्हीचीच रिअॅक्शन. मी ती अॅड्रिनॅलिनची सिरिंज घ्यायला ट्रेकडं वळले आणि हातात घेतली तर तिच्यात एक मिली औषध होतं. अॅड्रिनॅलिन अर्धाच मिली भरलेलं असतं. एक मिली असतं ते अॅट्रोपिन. तो अर्ध्या मिलीचा फरक दिसला नसता तर मी अॅट्रोपिनलाच अॅड्रिनॅलिन समजून तेही टोचलं असतं.

अॅड्रिनॅलिनचा जोर काही मिनिटांत ओसरतो, म्हणून त्या वाचल्या. चौथ्या दिवशी चालत घरी गेल्या. मुलाला मी सकाळीच सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आई जगली न्हवं, बास."

पुढं काय झालं असेल हे तुम्ही ओळखलं असेल. सिस्टरना मेमो, वेतनवाढ रोखली. सोळा वर्षांची नोकरी, एकही तक्रार नसलेली बाई. तोंडी ऑर्डर देणाऱ्या मला कुणी विचारलं नाही. ट्रे कुणी हलवला, का हलवला, सिरिंजवर नाव का नव्हतं, हेही कुणी विचारलं नाही. दोन आठवड्यांनी रात्रपाळीला मी त्याच ट्रेमधल्या भरलेल्या सिरिंज मोजल्या. सात होत्या. नाव एकीवरही नव्हतं. ज्यांना शिक्षा झाली त्या सिस्टर तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होत्या, म्हणजे चूक त्यांच्यासोबत गेली नव्हती, ती त्या ट्रेमध्येच होती.

मी दोन पानांचा प्रस्ताव लिहून विभागप्रमुखांकडं गेले. सहा आठवडे मोजायचं, मग रंगीत लेबलं लावायची, मग पुन्हा मोजायचं. सरांनी वाचून कागद परत दिला. म्हणाले, "डॉक्टर, हा शिस्तीचा प्रश्न आहे, संशोधनाचा नाही. आणि संशोधनाला पैसा लागतो, तो आपल्याकडं नाही."

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून आजही गेलेली नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातच आहे, कारण दोन्ही चूक आहेत.

पहिलं वाक्य घ्या. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं १९९९ साली अहवाल काढला की तिथल्या रुग्णालयांत वैद्यकीय चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरत असावीत. त्या आकड्यांवर पुढं वाद झाले, पण अहवालाचा गाभा आकडा नव्हताच. माणूस चुकणार हे धरून चाला आणि चूक पेशंटपर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था बांधा, हे त्यात सांगितलं होतं. त्यानंतर एएचआरक्यू या तिथल्या सरकारी संस्थेनं या विषयाला पैसा द्यायला सुरुवात केली. त्याच पैशावर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, घालतानाच्या पाच साध्या गोष्टींवर काम केलं: हात धुणं, कातडीला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक लावणं, पेशंटला निर्जंतुक कापडानं पूर्ण झाकणं, शक्यतो मांडीची शीर टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. २००६ साली निष्कर्ष छापून आले, रक्तातला जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ड्युटी बदलताना पेशंट ताब्यात देण्याची ठरावीक पद्धत घातली तर चुका २३ टक्क्यांनी घटतात, हे २०१४ मध्ये नऊ रुग्णालयांच्या अभ्यासातून दिसलं. सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, हात धुणं आणि हॅंडओव्हर हेही तुमच्या भाषेत शिस्तीचेच प्रश्न होते. त्यांनी मोजले म्हणून सुटले.

दुसरं वाक्य पैशाचं. माझ्या कामाला लागली एक शंभर पानी वही आणि राजारामपुरीतल्या छापखान्यातून करून घेतलेली चिकटपट्टीची लेबलं. अॅट्रोपिनला हिरवं, अॅड्रिनॅलिनला जांभळं. हे रंग माझ्या मनाचे नाहीत, भूलतज्ज्ञ वापरतात त्या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. सगळा खर्च माझ्या पर्समधून झाला. नव्हता तो वेळ. बारा तास पेशंट बघून झाल्यावर मी ट्रे मोजायची, आणि थकलेल्या माणसाची मोजणीही चुकते.

अमेरिकेतल्या ज्या अनुदानाबद्दल तुम्ही विचारताय ते बहुधा के-अवॉर्ड. एएचआरक्यूच्या के०८ मध्ये अट असते की तुमचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला आणि त्याच्या शिक्षणाला राखून ठेवायचा, आणि अर्जातच मार्गदर्शक कोण आणि तो काय शिकवणार हे लिहून द्यायचं. तिथल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या सेम (SAEM) फाउंडेशनचं ट्रेनिंग ग्रँट दोन वर्षांना तीन लाख डॉलरचं आहे. तो पैसा उपकरणांसाठी नसतो, तरुण डॉक्टरचा वेळ ड्युटीकडून विकत घेण्यासाठी असतो. आपल्याकडं पैसा मिळतो तेव्हाही हीच गोष्ट राहून जाते.

मला वेळ कुणी दिला नाही, पण मार्गदर्शक मिळाल्या. मिरजेच्या एक निवृत्त भूलतज्ज्ञ मॅडम, ओळख एका सीएमईतली, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षण-बैठकीतली. महिन्यातल्या दोन रविवारी मी पॅसेंजरनं जायची, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत, मांडीवर वही उघडून. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, मला चुका मोजायच्यात. त्या म्हणाल्या, "चुका मोजू नकोस, चुका लोक लपवतात. लेबल आहे की नाही हे ट्रेवर दिसतं. दिसतं ते मोज. आणि आधी हे मोज की एकूण सिरिंज भरल्या किती." माझ्या वहीत छेदच नव्हता, नुसता अंश होता. त्यांनी शिसपेन्सिलीनं एक उभी रेघ ओढून नवा रकाना केला. ती वही माझ्याकडं आजही आहे. सिस्टरचं नाव कुठंही लिहायचं नाही, फक्त ड्युटीची पाळी लिहायची, आणि एथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय पहिली सिरिंजसुद्धा मोजायची नाही, हेही त्यांनीच शिकवलं. बीसीबीआर हा संशोधनाची मूलतत्त्वं शिकवणारा ऑनलाइन कोर्स तुम्हाला करावाच लागेल, चांगला आहे, पण ती पेन्सिलीची रेघ कोर्समधून मिळत नाही.

म्हणून गाईड आणि मार्गदर्शक यांत गल्लत करू नका. गाईड प्रबंधावर सही करतो, तो विभागातलाच असणार. माझ्या कामाचं पुढं पोस्टर झालं तेव्हा पहिलं नाव सरांचं लागलं, मॅडमचं कुठंच नव्हतं. मार्गदर्शक तो, जो तुमचा कच्चा मसुदा वाचतो आणि आकडे रुग्णालयाला अडचणीचे निघाले तरी तुमच्या पाठीशी उभा राहतो. आपल्याकडं इमर्जन्सी मेडिसिन ही वेगळी शाखा म्हणून मान्य झाली २००९ साली, त्यामुळं या विषयात मुरलेले ज्येष्ठ विभागात सापडणं अवघड. भूलशास्त्रात, पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात, फार्माकॉलॉजीत शोधा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी फार्माकोव्हिजिलन्सची माणसं तुमच्याच कॉलेजात असतील, त्यांना मोजणी कळते.

आता निधीचं, थोडक्यात. एमडीच्या प्रबंधाला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, अर्थसाहाय्य देते, त्यासाठी विषय लवकर पक्का करा. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरचं एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचं अल्पकालीन संशोधन अनुदान, आहे, १९७९ पासून चालू, दोन महिन्यांचं काम. एखादा हुशार ज्युनिअर त्यातून जोडून घ्या, मोजणीला हात मिळतो. एमडीनंतर आयसीएमआरचे एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना दिले जाणारे, प्रकल्प, त्यातलं स्मॉल ग्रँट दोन कोटींपर्यंत जातं. कॉलेज खासगी असेल तर डीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन विभागाची मान्यता आहे का हे आधी ऑफिसात विचारा, नाहीतर अर्ज तिथंच अडतो. यातून रिसर्च नर्स आणि डेटा ऑपरेटर ठेवता येतात, पण तुमची ड्युटी तशीच राहते. तुमच्या पगारासकट वेळ देणारी, म्हणजे के-अवॉर्डच्या सगळ्यात जवळ जाणारी योजना म्हणजे इंडिया अलायन्सची क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ फेलोशिप. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून ही संस्था २००८ साली सुरू केली. स्पर्धा देशभराची असते आणि संस्थेला लेखी द्यावं लागतं की तुम्हाला वेळ मोकळा देऊ. घराच्या कारणानं कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी डीएचआर या केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची फेलोशिप आहे, ती माझ्या मैत्रिणींना कुणी वेळेवर सांगितली नाही म्हणून इथं मुद्दाम लिहिते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगायला हव्या होत्या. एक, झालेली चूक नोंदवणाऱ्याला अमेरिकेत २००५ च्या कायद्यानं संरक्षण आहे, तुमच्या वहीला तसं काही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणानं रुग्ण दगावला तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिलेली आहे. म्हणून झालेल्या अपघातांच्या कहाण्या गोळा करू नका, माझ्यासारखं आधीच्या पायरीवरचं मोजा: लेबलं, तोंडी ऑर्डर परत म्हणून दाखवली का, ड्युटी बदलताना काय सांगायचं राहिलं. दोन, लेबलांनी सगळं सुटत नाही. कॅज्युअल्टीत गर्दी झाली की लेबलाचा रोल ड्रॉवरमध्येच राहतो, हे माझ्याच मोजणीत दिसलं. तो रोल ट्रेला दोरीनं बांधला तेव्हा कुठं फरक पडला. योजनांच्या अटी आणि तारखाही दरवर्षी बदलतात, अर्जाआधी संकेतस्थळ बघा.

त्या सिस्टरची वेतनवाढ नंतर मिळाली, पण सर्व्हिस बुकातला शेरा तसाच राहिला आणि त्या तशाच निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ती लेबलं अजून लावतात का हो?" लावतात, असं मी सांगू शकले, कारण सकाळीच ट्रे बघून आले होते.

तुमचा विषय दोन पानांत लिहून झाला की इथं टाका. मी वाचून दुरुस्त्या कळवीन. एकूण किती, हा रकाना आधीच आखून ठेवा.