निसर्ग वादळात घेतलेलं चेनसॉ मशीन पडून आहे. घरी दुरुस्त होईल का, की भंगारात द्यावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी २०२० च्या वादळानंतर घेतलेलं ५८ सीसीचं चेनसॉ तेव्हापासून पडवीत टांगलेलं आहे, टाकीत जुनंच पेट्रोल आहे, दोरी ओढली की फिरते पण मशीन धरत नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो नवीन घ्या.

होईल दुरुस्त. पडून राहिलेल्या मशीनचं इंजिन सहसा बिघडत नाही, त्यातलं रबर बिघडतं. ते रबर दोन-अडीचशे रुपयांच्या किटमध्ये मिळतं. तेवढ्यासाठी वडिलांचं मशीन भंगारात देऊ नका.

फक्त आजपासून दोरी ओढणं थांबवा. आत तेलाचा अंशही उरलेला नसेल. त्यात थोडा गंज असला, तर प्रत्येक ओढीला रिंग सिलिंडरला ओरबाडणार. प्लग काढा, त्या भोकातून चहाचा अर्धा चमचा टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते तेल) सोडा आणि मशीन रात्रभर तसंच ठेवा.

मी दापोलीकडचा, आमचं मशीनही त्याच वादळातलं. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं आणि दुपारभरात आमच्या आगरातले माड, पोफळी, घरामागचा फणस, सगळं आडवं झालं. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, रस्ते बंद होते. अशा वेळी गावागावात ही मशीनं आली. काकांनी एक घेतलं, दोन महिने राबवलं आणि काम संपल्यावर टाकीतल्या पेट्रोलसकट माळ्यावर टाकलं. ते मी २०२४ च्या मे महिन्यात खाली काढलं. म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सुरुवात सायलेन्सरपासून करा. प्लगची टोपी काढून ठेवलेली असू द्या, ती लावलेली असताना चेनला हात लावायचा नाही. सायलेन्सर बोल्ट काढून बाजूला केला की मागे एक भोक दिसतं आणि त्यातून थेट पिस्टन दिसतो. टॉर्च मारा, दोरी अगदी हळू ओढून पिस्टन वरखाली करून बघा. पिस्टनच्या अंगावर आडव्या बारीक रेषा दिसल्या तर त्या कारखान्यातल्या घडणीच्या आहेत, इंजिन चांगलं आहे. उभे, खोल ओरखडे असतील तर मशीन कधीतरी तेलाशिवाय चाललंय. मग पिस्टन-सिलिंडरचा सेट बदलावा लागतो आणि खर्चाचा विचार नव्याने करावा लागतो. मशीन ठेवायचं की द्यायचं हे ह्या दहा मिनिटांत ठरतं. म्हणून कार्बोरेटर खोलायच्या आधी हे करा. काकांच्या मशीनच्या आडव्या रेषा अजून नव्यासारख्या होत्या. ते बघून मला जो धीर आला, त्यावर पुढचं सगळं काम झालं.

सायलेन्सर आणि प्लग परत लावा, मग दोरीची मूठ धरून मशीन अलगद लोंबकळू द्या. थांबत थांबत, झटके घेत खाली उतरलं तर कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब धरतोय. सरळ खाली आलं तर नाही.

स्पार्क बघताना प्लग टोपीत घाला, त्याचं लोखंड सिलिंडरच्या पात्यांना टेकवा आणि सावलीत दोरी ओढा. ठिणगी दिसत नसेल तर पहिल्यांदा बंद-चालूचं बटण बघा, त्याची वायर बरेचदा उंदीर खातात. नंतर कॉइल आणि फ्लायव्हीलच्या मॅग्नेटमधला गंज पॉलिश पेपरने काढा. कॉइल परत बसवताना मध्ये एक व्हिजिटिंग कार्ड धरा, साधारण ०.३ मिमी फट राहते, तेवढी पुरे.

आता खरं दुखणं, पेट्रोल. मी टाकीचं झाकण उघडलं तेव्हा पेट्रोलचा वास नव्हताच, लाकडाला मारतात त्या वॉर्निशचा होता. तळाला काकवीसारखा तपकिरी थर बसलेला. तारेचा आकडा करून आतला फिल्टर ओढायला गेलो तर फिल्टर आला, पाइप आला नाही. तो मध्येच तुटून चिकट होऊन बोटांना लागला. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात हवेत दुसरं असतं काय. जुन्या रबराला तर ते सोसवतच नाही. टाकी ताज्या पेट्रोलने दोन-तीनदा खळखळून धुवा. पाइप आणि फिल्टर दोन्ही बदला, जुना पाइप वरून धड दिसला तरी.

कार्बोरेटरची लोकांना उगाच भीती वाटते. काडेपेटीहून थोडा मोठा असतो. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, स्कूटर आडवी झाली की पेट्रोल गळतं. चेनसॉ आडवा-उभा कसाही धरावा लागतो, म्हणून ह्यात फ्लोट नसतोच. त्याचं काम दोन पातळ पडदे करतात, त्यांना डायफ्रॅम म्हणतात. एक पडदा पंप आहे. पिस्टन वरखाली होताना खालच्या केसमध्ये हवेचा दाब कमी-जास्त होतो, तो एका बारीक भोकातून ह्या पडद्यापर्यंत येतो, पडदा धडधडतो आणि टाकीतलं पेट्रोल वर ओढतो. दुसरा पडदा छोटी सुई उघडून हवं तेवढंच पेट्रोल आत सोडतो. आता हा पडदाच कडक झाला तर दोरी कितीही ओढा, पेट्रोल वर चढणार कुठून? काकांच्या मशीनमधला जुना पडदा पिंपळाच्या वाळक्या पानासारखा कडकडत होता. किटमधला नवा हातात घेतला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा लवला. दोन्ही शेजारी ठेवून काकांना दाखवले, त्यांना एका नजरेत दुखणं कळलं.

खोलताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. पॅकिंग आधी की पडदा आधी, हा क्रम दोन्ही बाजूंना वेगळा असतो आणि तो चुकला की मशीन चालतच नाही. भोकांत तार घालू नका, भोक मोठं झालं तर कार्बोरेटर गेलाच. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा आणि हवा मारा. सुईला धरणारी छोटी पट्टी वाकवू नका. मी 'जरा नीट बसवू' म्हणून ती वाकवली आणि प्लग सारखा ओला होत राहिला. त्यात दोन दिवस गेले. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं पॅकिंगही बघा. दाबाचं ते बारीक भोक बहुतेक मशीनांत त्याच्यातून जातं. पॅकिंग उलटं लागलं की भोक बंद.

पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तसंच करा. ह्या ५८ सीसीच्या मशीनांवर बहुधा २५:१ असतं, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल. ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण वापरा. तेल कमी पडलं तर ते उभे ओरखडे तुमच्याही पिस्टनवर येतील.

मशीन चालू करायचं ते अंगणात, घरात किंवा गोठ्यात नाही, त्या धुराने जीव जातो. कार्बोरेटरवर पेट्रोल कमी-जास्त करायचे दोन स्क्रू असतात, एल हळू चालण्यासाठी आणि एच फुल रेससाठी. ते दोन्ही आधी अलगद बंद करा, मग एकेक फेरा उघडा, सुरुवातीला एवढं पुरतं. आयडलला, म्हणजे रेस न देता मशीन चालू असताना, चेन फिरता कामा नये. फुल रेस दिल्यावर आवाज थोडा भरडा यावा आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ व्हावा. रिकामं असतानाच आवाज शिट्टीसारखा बारीक येत असेल तर पेट्रोल कमी मिळतंय. एच स्क्रू थोडा उघडा. तसंच चालवलं तर पिस्टन जाईल.

क्लच खोलायची वेळ आली तर लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून जाड नायलॉनची दोरी आत सोडा. स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टनला भोक पाडलेलं मी पाहिलंय.

बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी. तिचं तेल वेगळं असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बार काढून खाचेतला भुसा हॅकसॉच्या मोडक्या पात्याने खरवडा, तेलाचं भोक मोकळं करा. मग टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर काम करू नका, बार निळा पडेल.

चेन गंजलेली असेल तर रात्रभर डिझेलमध्ये ठेवा. प्रत्येक कडी मोकळी वळते का बघा, तडा दिसला तर नवीच घ्या. धारेला गोल कानस लागते. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिमीची, छोट्या मशीनांच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमीची. दातावर कोनाची खूण असते, बहुधा ३० अंश. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, आणि प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात. डाव्या बाजूला चार आणि उजव्या बाजूला सहा मारले तर मशीन वाकडं कापत जातं. धार बरोबर लागली की लाकडाच्या चिपा उडतात, पीठ उडत नाही. तुमच्याकडेही माड असतील. माडाचं लाकूड धार फार लवकर खातं आणि त्याचे तंतू क्लचमध्ये गुंडाळले जातात, म्हणून दर दोन-तीन तुकड्यांनी थांबून साफ करा.

आणि चेन-ब्रेक. बाकी सगळं जमलं आणि हा जमला नाही तर मशीन वापरू नका, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. पुढचा ढाली दांडा मनगटाने ढकलला की फिरती चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. त्या क्षणी हातात दुसरं काहीच नसतं. ब्रेकचा पट्टा झिजलेला किंवा स्प्रिंग ढिली असेल तर बदला, स्वस्त आहे. खांद्याच्या वर मशीन उचलून फांदी कापायची नाही, शिडीवरून तर नाहीच.

मला पाइप, फिल्टर, किट, प्लग आणि नवी चेन मिळून चौदाशेच्या आसपास खर्च आला, आणि चार रविवार गेले. गेल्या पावसात वाडीच्या रस्त्यावर आंब्याची फांदी पडली तेव्हा त्याच मशीनने ती बाजूला केली, काका स्वतः उभे होते.

काम झालं की दर वेळी टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मगच पडवीत टांगा. आधी सायलेन्सर काढून पिस्टन बघा आणि उभ्या रेषा आहेत की आडव्या ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.