घराला कुलूप, आत दोन कुत्री: यात गुन्हा कोणता?

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको आणि घरात दोन कुत्री. एक अकरा वर्षांची, तिला फिट्स येतात म्हणून सकाळ-संध्याकाळ नऊ वाजता गोळी चालू आहे. दुसरा दीड वर्षाचा, भारी दंगेखोर. गेल्या आठवड्यात सासूबाईंना परगावी हॉस्पिटलमध्ये दाखल केल्याचा अचानक फोन आला. संध्याकाळी सातला निघालो. मध्यरात्रीपर्यंत परतू असं वाटलं होतं, पण साडेअकराला ऑपरेशन ठरलं आणि घरी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजला. म्हाताऱ्या कुत्रीला हॉलमध्ये मोकळं ठेवलं होतं. धाकटा सोफा फाडतो म्हणून त्याला गॅलरीत बांधलं. दोघांपुढे खाणं-पाणी होतं. तो रात्रभर भुंकला. शेजाऱ्यांनी त्यांच्या गॅलरीतून व्हिडिओ काढला (सोबत पाठवला आहे) आणि पोलिसांत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली. सोसायटीची नोटीस आली आहे : पाच हजार रुपये दंड भरा आणि पंधरा दिवसांत कुत्री हलवा. एका संस्थेचे कार्यकर्ते 'कुत्री आमच्या ताब्यात द्या' म्हणून दारात येऊन गेले. पुढच्या महिन्यात आम्हाला पुन्हा दोन रात्री जावं लागणार आहे. आम्ही गुन्हेगार ठरतो का?

उत्तर : ताई, रात्रभर घरी नसणं हा गुन्हा नाही. कुत्र्याला किती तास एकटं ठेवावं याचा आकडा आपल्या केंद्रीय कायद्यात कुठेच नाही. स्वीडनमध्ये घरात पाळलेल्या कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यायचं, असा नियमच आहे. आपल्याकडे तसं काही नसल्यामुळे 'अठरा तास झाले' एवढंच म्हणून शेजाऱ्यांना काही सिद्ध करता येणार नाही. मात्र 'एक रात्र तर होती' असं म्हणून तुम्हालाही सुटता येणार नाही. त्या अठरा तासांत दोन्ही जिवांची सोय काय होती, हे विचारलं जाईल.

लागू होतो तो प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या कलम ३ प्रमाणे ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याची नीट काळजी घ्यायची आणि त्याला विनाकारण त्रास होऊ द्यायचा नाही. या कलमाला स्वतःची वेगळी शिक्षा नाही. शिक्षेचं कलम ११. पण जल्लीकट्टूच्या, म्हणजे तमिळनाडूतल्या बैलांच्या खेळाच्या खटल्यात ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही कलमं एकत्र वाचली आणि भूक-तहान, भीती, गैरसोय, दुखणं यांपासून मुक्त असणं हा प्राण्याचा हक्कच मानला. तेव्हापासून कलम ३ निव्वळ उपदेश म्हणून सोडून देता येत नाही.

कलम ११ मधली तुमच्या कामाची पोटकलमं तीन. मालकाने पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं. आखूड किंवा जड साखळीने गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं. आणि भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला टाकून जाणं. तक्रारदाराला शेवटचं फार आवडतं, कारण 'कुत्री टाकून गेले' हे कागदावर भारदस्त दिसतं. तुमच्याबाबत ते टिकेल असं मला वाटत नाही. तुम्ही परतणार होतात, परतलात, आणि जाण्यामागे हॉस्पिटलचं कारण होतं. दाखल केल्याची वेळ असलेला केसपेपर, ऑपरेशनच्या संमतीपत्राची प्रत आणि टोलच्या नोंदी आजच एका फाइलमध्ये लावा.

म्हातारीच्या बाजूने तुमची स्थिती बरी आहे. घरात मोकळी होती, खाणं-पाणी होतं. औषध हा शब्द कलम ११ मध्ये नाही. पण तिच्या दोन गोळ्या चुकल्या, आणि फिट्सची गोळी अशी मध्येच बंद होणं धोक्याचं असतं हे कोणताही जनावरांचा डॉक्टर साक्षीत सांगेल. त्या रात्री तिला फिट आली असती तर मी हे उत्तर वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

धाकट्याबद्दल मात्र मला काळजी वाटते. तुमचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. पाण्याचं भांडं उलटं पडलेलं आहे आणि साखळी ताणून कुत्र्याचं तोंड त्या भांड्याच्या वीतभर अलीकडे थांबतं. तुम्ही लिहिता 'पाणी ठेवलं होतं', आणि ते खरंच असणार. कायदा मात्र 'पुरेसं' म्हणतो. बांधलेल्या कुत्र्याने भांडं लाथाडलं की पुढे सकाळपर्यंत पाणी नाही, हे त्याला पाळणाऱ्याला आधी सुचायला हवं. आणि मालकाने वाजवी काळजी व देखरेख ठेवली नाही, म्हणून गुन्हा घडला, तर तो मालकानेच केला असं कलम ११(२) मानतं. साखळी किती फुटांची, किती वजनाची, हे पत्रात नाही. ती फेकून देऊ नका. मोजा, शेजारी टेप ठेवून फोटो काढा. लांब निघाली तर तुमच्या उपयोगाची. आखूड निघाली तर निदान वकिलाला खरं काय ते आधी माहीत असेल.

दुसरा अडचणीचा प्रश्न साडेअकराचा. ऑपरेशन ठरलं, आता सकाळपर्यंत सुटका नाही हे कळलं, त्यानंतर तुम्ही कोणाला फोन केलात? सातला निघतानाची घाई कोणीही समजून घेईल. साडेअकरानंतर ती सबब पातळ होते, कारण एक फोन आणि एक किल्ली एवढ्यावर काम भागलं असतं. फोन केला असेल, कोणी उचलला नसेल, तर त्या कॉलची नोंद मोबाइलमधून पुसली जायच्या आत जपून ठेवा. केला नसेल तर आता कोणा भाचीचं नाव घेऊन 'ती येणार होती' असं सांगू नका. अशी रचलेली भाची उलटतपासणीत दहा मिनिटं टिकत नाही, आणि ती पडली की हॉस्पिटलच्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही जातो.

आता एनसीचं. कलम ११ मधले हे प्रकार अदखलपात्र आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली नोंद होते आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगितलं जातं. तेही मुदतीत : घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर या कायद्याखाली नंतर होत नाही. समजा झालाच आणि दोष सिद्धही झाला, तर पहिल्या गुन्ह्याला शिक्षा किती? दहा ते पन्नास रुपये दंड. रकमा १९६० च्या आहेत आणि त्या वाचून अशील हसतात. हसू नका. तीन वर्षांत दुसऱ्यांदा तसंच घडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तुम्हाला तर पुढच्याच महिन्यात पुन्हा जायचं आहे. पोलिसांनी बोलावलं तर जा, जे घडलं ते सांगा, आणि जबाब वाचल्याशिवाय सही करू नका.

कार्यकर्त्यांच्या हाती कुत्री देण्याचं काहीही कारण नाही. प्राणी जप्त करण्याचा अधिकार कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीला आहे. गळ्यातलं ओळखपत्र म्हणजे तो अधिकार नव्हे. पुन्हा आले तर नम्रपणे अधिकारपत्र मागा आणि दाराबाहेरच बोला. जप्ती झाली तरी प्राण्याला तपासणीसाठी दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. कायमची मालकी जाते ती फक्त दोष सिद्ध झाल्यावर आणि कोर्टाच्या हुकुमाने. त्यासाठीही कलम २९ पुरावा मागतं : आधीची शिक्षा, मालकाचं वर्तन किंवा प्राण्याला दिलेली वागणूक पाहता त्याचे पुढेही हाल होतील, असं दिसावं लागतं. म्हणून या आठवड्यातच दोघांना डॉक्टरकडे न्या. वजन, अंगातलं पाणी, गळ्यावर साखळीचा वळ आहे की नाही, आणि म्हातारीच्या फिट्सची स्थिती हे सगळं तारखेसह लिहून घ्या. लसीकरणाची कार्डं त्याच फाइलमध्ये जाऊ द्या.

सोसायटीची नोटीस मला सगळ्यांत लेची वाटते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलं आहे की पाळीव कुत्री ठेवायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, आणि भुंकणं हे बंदीचं कारण होत नाही. पंधरा दिवस संपायच्या आत सेक्रेटरींना लेखी उत्तर द्या. कुत्री हलवा हा हुकूम कोणत्या उपविधीखाली, दंड कोणत्या ठरावाने, ठरावाची प्रत कुठे, एवढं विचारा. पैसे भरू नका, आणि कमिटीपुढे बोलावून 'कुत्री काढून टाकतो' असं लिहून मागितलं तर तेही देऊ नका. पण त्याच पत्रकात मंडळाने असंही म्हटलं आहे की सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा विशेषतः रात्री कुत्र्यांना शांत ठेवायचा प्रयत्न करावा. पत्रक तुम्ही दाखवणार असाल तर तेही वाक्य वाचलं जाईल.

एका रात्रीच्या भुंकण्यावरून सार्वजनिक उपद्रव सिद्ध करणं कठीण आहे. नेहमीचंच झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९२ आहे, हजार रुपयांपर्यंत दंडाचं, आणि मनाई हुकमासाठी दिवाणी कोर्ट वेगळं. माझं ऐकाल तर वकिलाच्या नोटिशीआधी शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजवा. त्या माणसाला रात्रभर झोप नव्हती. व्हिडिओ कोणी काढला यावरून भांडू नका. त्याने तो स्वतःच्या गॅलरीतून काढला आहे. सासूबाईंचं सांगा, पुढच्या वेळी कोण असणार तेही सांगा. त्यांनी ठरवलं तर हे प्रकरण एनसीच्या कागदावरच थांबेल.

पुढच्या महिन्याच्या दोन रात्री कुत्र्यांना एकटं ठेवून जाऊ नका, कितीही वाट्या भरून ठेवल्या तरी. या नोंदीनंतर 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणता येणार नाही. घरी राहायला माणूस बोलावा किंवा बोर्डिंगमध्ये ठेवा. कुत्रं दुसऱ्याच्या हवाली केलं की कायद्याच्या दृष्टीने तो निक्षेप होतो, म्हणजे आपली वस्तू परत घेण्याच्या बोलीवर दुसऱ्याकडे सोपवणं. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे सांभाळणाऱ्याने समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. पण कलम १५० तुमच्यावरही बंधन घालतं : माहीत असलेले दोष आधी सांगायचे. म्हातारीच्या फिट्स आणि धाकट्याचं फाडणं दडवलंत आणि त्यातून काही झालं, तर भरपाई तुमच्या गळ्यात पडेल.

सांभाळणाऱ्याला एक पानभर लिहून द्या आणि खाली दोघांच्याही सह्या घ्या. त्यात गोळीचं नाव, मात्रा आणि नऊची वेळ, फिट आली तर काय करायचं, डॉक्टरचा नंबर, आणि तुमचा फोन लागला नाही तर किती रकमेपर्यंतचे उपचार त्याने तुम्हाला न विचारता करून घ्यायचे, हे असू द्या. हा शेवटचा आकडा लोक हमखास विसरतात आणि दवाखान्याच्या काउंटरवर रात्री दोनला तोच विचारला जातो. 'गॅलरीत बांधायचं नाही' हेही त्यात लिहा. किल्लीचा दुसरा जोड इमारतीतच कोणाकडे तरी ठेवा, आणि तो कोणाकडे आहे ते या वेळी सेक्रेटरींना लेखी कळवून पोच घ्या.